वस्त्रशुद्धी, वाफ आणि विश्वास : उष्णतेने कपडे निर्जंतुक करण्याचा इतिहास

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात लस शोधणारे शास्त्रज्ञ येतात, रुग्णालये येतात, सरकारी कायदे येतात. रुग्णाच्या अंगावरचा सदरा, त्याची गोधडी, उशीचा अभ्रा यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. वास्तविक घरात कोणी आजारी पडले की घरातल्या बाईसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो या कपड्यांचाच. ते धुवावेत कसे, वापरावेत की टाकून द्यावेत, आणि टाकून दिले तर दुसरे आणावेत कोठून? श्रीमंताला हा प्रश्न फारसा पडत नाही. ज्याच्या घरी एकच रजई आहे त्याच्यासाठी तो सबंध हिवाळ्याचा प्रश्न असतो.

या प्रश्नाला उष्णता, आणि विशेषतः वाफ, हे उत्तर मानवाला कसे सापडले, त्यामागचे शास्त्र केव्हा सिद्ध झाले आणि ते सिद्ध झाल्यावरही लोकांनी ते काही ठिकाणी आपलेसे का केले व काही ठिकाणी त्याला विरोध का केला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. उपाय एकच असला तरी तो कोणाच्या हातून आणि कोणत्या रीतीने घरात येतो, यावर त्याचे यश अवलंबून राहिले, असे या इतिहासातून दिसून येते.

परटाची भट्टी

वाफेने कपडे शुद्ध करण्याची रीत भारतात प्रयोगशाळेतून आलेली नाही. परीट किंवा धोबी हा व्यवसाय करणाऱ्यांची 'भट्टी' ही तिची जुनी आणि परिपूर्ण पद्धत होय. मळके सुती कपडे आधी खाराच्या पाण्यात भिजवायचे, पिळून घ्यायचे आणि पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्याच्या तोंडाभोवती त्यांचा ढीग रचायचा. वरून जाड कापडाने तो झाकायचा आणि खाली जाळ घालायचा. रात्रभर वाफ या ढिगातून वर चढत राहते. सकाळी कपडे नदीवर किंवा तळ्यावर नेऊन आपटायचे, खळबळायचे आणि उन्हात वाळत घालायचे. चिकट मळ सुटावा, कापड पांढरे व्हावे, हा यामागचा हेतू होता. जंतू ही कल्पनाच त्या काळी कोणाला ठाऊक नव्हती.

या पद्धतीत तीन गोष्टी एकत्र येत. खारामुळे तेलकट मळ सुटे, दीर्घकाळच्या वाफेमुळे उवा, पिसवा, त्यांची अंडी आणि बहुतेक रोगजंतू मरत, आणि शेवटी कडक ऊन मिळे. खारासाठी सज्जीखार वापरला जाई. क्षारवाचक इंग्रजी 'अल्कली' हा शब्द अरबी 'अल-क़ली' यावरून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ खारट वनस्पती जाळून मिळवलेली राख असा आहे. म्हणजे ज्या वस्तूने परटाची भट्टी चाले, त्याच जातीच्या वस्तूने रसायनशास्त्राला एक मूलभूत संज्ञा दिली.

या पद्धतीत दोषही होते. अनेक घरांचे कपडे एकाच ढिगात जात. वाफेने शुद्ध झालेले कापड गढूळ तळ्यात खळबळले की पुन्हा दूषित होई. वसाहतकालीन इंग्रज अधिकाऱ्यांनी या दोषांवर नेमके बोट ठेवले, पण भट्टीच्या गुणाकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही. जांघेतल्या गजकर्णाला त्यांनी 'धोबी इच', म्हणजे धोब्याची खाज, असे नाव दिले आणि ते वैद्यकाच्या पुस्तकांत रूढ झाले. हा रोग बुरशीमुळे होतो. घाम, दमटपणा आणि घट्ट कपडे यांत तो वाढतो आणि त्याची बुरशी भट्टीच्या उष्णतेत टिकत नाही. पुढे १९४३ साली अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी भारतातील सैनिकांच्या एका वेगळ्या त्वचादाहाचा छडा लावला. तो कपड्यांवर खूण करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बिब्ब्याच्या रसामुळे होत होता. म्हणजे खुणेची शाई दोषी होती, धुण्याची पद्धत नव्हे. आजार पसरला की त्याचे नाव कष्टकऱ्याला चिकटवायचे, ही प्रवृत्ती या इतिहासात पुढेही भेटते.

येथे आणखी एक भेद लक्षात घेतला पाहिजे. आपल्या समाजात वस्त्राच्या शुद्धतेच्या कल्पना पूर्वीपासून आहेत. सोवळ्याचे वस्त्र धुऊन, वाळवून, कोणाचा स्पर्श न होता ठेवलेले असावे लागते. मुसलमान घरात कापडावरची नजासत पाण्याने निघून गेली की ते पाक ठरते. दोन्ही कल्पनांचा स्वच्छतेला आधारच मिळाला. परंतु सोवळे असणे, पाक असणे आणि जंतुमुक्त असणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांना शिकवताना यांची सरमिसळ झाली की श्रद्धेलाही न्याय मिळत नाही आणि शास्त्रालाही.

मँचेस्टरचा रसायनशास्त्रज्ञ, लिव्हरपूलची कष्टकरी स्त्री

१८३१ साली कॉलरा युरोपात पश्चिमेकडे सरकत होता. इंग्लंडमधील मँचेस्टर हे कापसाच्या व्यापाराचे शहर. परदेशातून येणारा माल बंदरात दिवसेंदिवस अडवून ठेवण्याचा क्वारंटाइनचा नियम व्यापाराला जाचक होत होता. वायू पाण्यात किती विरघळतो याचा नियम ज्यांच्या नावाने आजही शिकवला जातो ते विल्यम हेन्री याच शहरातले. मालातला संसर्ग उष्णतेने नष्ट करता आला तर माल अडवण्याची गरज उरणार नाही, असा त्यांचा विचार होता. देवीच्या लसीचा संसर्गगुण सुमारे ६० अंश सेल्सिअसला नाहीसा होतो, असे त्यांनी दाखवले. लोहितांग ज्वराच्या रुग्णांनी वापरलेल्या फ्लॅनेलच्या बंड्या त्यांनी ९० अंशांहून अधिक तापमानात काही तास ठेवल्या आणि नंतर त्या निरोगी मुलांच्या अंगात घातल्या. मुलांना रोग झाला नाही. असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. मात्र रोगजंतूंचा सिद्धान्त मांडला जाण्याच्या कित्येक वर्षे आधी हेन्री योग्य निष्कर्षापर्यंत पोहोचले होते, हेही खरे.

पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, कॉलरा लिव्हरपूल बंदरात पोहोचला. तेथील किटी विल्किन्सन ही आयर्लंडमधून आलेली गरीब स्त्री होती. तिच्या घरी पाणी तापवण्याचा मोठा बंब होता. गल्लीतल्या इतर घरांत तो नव्हता. तिने शेजारणींना आपल्या घरी येऊन आजाऱ्यांचे कपडे आणि अंथरूण धुण्याची मोकळीक दिली. आठवड्याला एक पेनी एवढे नाममात्र शुल्क ती घेई. उकळते पाणी आणि क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे विरंजक चूर्ण, यांचा ती वापर करी. तिच्या या कामातूनच सार्वजनिक धुलाईघराची कल्पना पुढे आली. १८४२ मध्ये लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर असे धुलाईघर सुरू झाले आणि १८४६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने स्नानगृहे व धुलाईघरे उभारण्यासंबंधीचा कायदा केला.

हेन्री आणि विल्किन्सन यांची तुलना उद्बोधक आहे. एकाने प्रमाण शोधले, दुसरीने सोय निर्माण केली. आपल्याच गल्लीतल्या, आपल्याच सारख्या गरीब बाईच्या घरी कपडे नेताना कोणाला अपमान वाटला नाही. कपडा आपल्यासमोर धुतला जातो आणि आपल्यालाच परत मिळतो, याची खात्री होती. या साध्या गोष्टीचे मोल पुढे मुंबई-पुण्याच्या साथीत कळून येते.

कोरडी उष्णता आणि ओली उष्णता

हेन्री यांनी कोरडी उष्णता वापरली होती. त्यानंतरच्या काळात अनेक शहरांत गरम हवेच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांतून बाहेर आलेले अंथरूण खरोखर शुद्ध झाले आहे का, याची काटेकोर तपासणी १८८१ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. कॉख आणि व्होल्फह्यूगेल यांनी गरम हवेचा, तर कॉख, गाफ्की आणि लफ्लर यांनी वाफेचा अभ्यास प्रसिद्ध केला.

निष्कर्ष स्पष्ट होते. काळपुळीच्या जंतूंची बीजाणू ही अतिशय चिवट अवस्था. ती मारण्यासाठी कोरड्या हवेत १४० अंश तापमान तीन तास टिकवावे लागत होते. तेवढ्यात कापडही करपू लागे. शिवाय गुंडाळलेल्या अंथरुणाच्या मध्यभागी तापमान हवे तेवढे चढतच नव्हते. उलट १०० अंशांच्या वाहत्या वाफेत तेच बीजाणू काही मिनिटांत मरत होते आणि वाफ गाठोड्याच्या आतपर्यंत पोहोचत होती.

असे का व्हावे? याचे कारण अप्रकट उष्णतेत आहे. १ ग्रॅम वाफ थंड कापडाला लागून तिचे पाणी झाले की ती सुमारे ५४० कॅलरी उष्णता कापडाला देऊन टाकते. त्याच १ ग्रॅम उकळत्या पाण्याचे तापमान १०० वरून ४० अंशांवर आले तर मिळतात फक्त ६० कॅलरी. म्हणजे वाफ नऊपट उष्णता देते. दुसरी गोष्ट अशी की वाफेचे पाणी होताच तिचे आकारमान सोळाशेपटींहून अधिक कमी होते. तेथे पोकळी निर्माण होते आणि मागची वाफ आपोआप आत ओढली जाते. थर ओलांडत ओलांडत ती गाठोड्याच्या गाभ्याशी जाते. तिसरे कारण जंतूंच्या शरीराशी संबंधित आहे. ओलाव्यात प्रथिने कमी तापमानाला गोठतात, कोरडेपणी ती अधिक तग धरतात. अंडे पाण्यात दहा मिनिटांत घट्ट होते, हा रोजचा अनुभव याच तत्त्वाचा आहे.

वाफेचा एक शत्रूही या संशोधनातून कळला. तो म्हणजे अडकलेली हवा. कपडे दाबून कोंबले तर मधली हवा बाहेर पडत नाही, वाफेला वाट मिळत नाही आणि गाठोडे बाहेरून कढत पण आतून कोमट राहते. म्हणून कपडे सैल ठेवावेत आणि हवा बाहेर जायला वाट ठेवावी, हा नियम घरगुती भांड्यापासून रुग्णालयातील यंत्रापर्यंत सर्वत्र लागू पडतो.

तब्खीरखाना आणि कामरान

बर्लिनचे संशोधन थोड्याच वर्षांत आंतरराष्ट्रीय नियमांत उतरले. १८९३ मध्ये इस्तंबूलमध्ये कॉलरा पसरला तेव्हा उस्मानी सरकारने पॅरिसहून आंद्रे शांतमेस या तज्ज्ञाला बोलावले. त्यानंतर शहरात गेदिकपाशा, तोपहाने आणि उस्कुदार येथे वाफेने कपडे शुद्ध करण्याची केंद्रे उभी राहिली. त्यांना 'तेबहिरहाने' म्हणत. मूळ अरबी शब्द 'तब्खीर', म्हणजे वाफ करणे. उर्दू जाणणाऱ्यांना 'तब्खीर-ए-मेदा' हा पोटातल्या वायूसाठीचा युनानी वैद्यकातला शब्द परिचित असतो. 'बुख़ार' हाही त्याच धातूचा. अरबीत त्याचा अर्थ वाफ, उर्दूत वाफही आणि तापही. म्हणजे ज्या शब्दाने उर्दू भाषक आजाराचे नाव घेतो, त्याच शब्दाच्या कुळातून उपचारगृहाचेही नाव घडले.

भारतीय मुसलमानांचा या वाफयंत्रांशी प्रत्यक्ष संबंध आला तो हजच्या प्रवासात. तांबड्या समुद्रात यमनच्या किनाऱ्याजवळ कामरान नावाचे लहानसे बेट आहे. १८८२ पासून तेथे उस्मानी सरकारचे क्वारंटाइन केंद्र होते. मुंबईहून निघालेल्या यात्रेकरूंना तेथे उतरावे लागे, स्नान करावे लागे आणि त्यांच्या कपड्यालत्त्याला वाफ दिली जाई. रोग रोखण्याच्या दृष्टीने या उपायात तथ्य होते. १८६५ च्या हजनंतर कॉलरा युरोपपर्यंत पोहोचल्याचा अनुभव ताजा होता. परंतु आयुष्यभराची पुंजी खर्चून निघालेल्या यात्रेकरूंची तक्रार वेगळी होती. क्वारंटाइनचे शुल्क त्यांच्याकडूनच घेतले जाई, दिवस वाया जात आणि वाफेतून आलेल्या वस्तू खराब झालेल्या असत. ही तक्रार निराधार म्हणता येत नाही. वाफ सुती कापडाला मानवते, पण चामडे आक्रसून निकामी होते, लोकर आटते आणि कच्चा रंग पसरतो. प्रत्येक वस्तूची निवड करून मगच वाफ द्यावी लागते. ती निवड शांतपणे करायला वेळ, माणसे आणि आस्था लागते.

१८९७ च्या फेब्रुवारीत तर मुंबई आणि कराची बंदरांतून हजला जाण्यावरच बंदी आली. कारण होते मुंबईतला प्लेग.

मुंबई-पुण्याची साथ

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोवेकर डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली, तर पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे सूत्रे आली. सैनिकांच्या तुकड्या घरोघर शिरून झडती घेऊ लागल्या. रोग्याला रुग्णालयात, आप्तांना छावणीत, घराला कार्बोलिक आणि चुना, असा क्रम ठरला. घरातल्या कापडचोपडाची अनेक ठिकाणी होळी करण्यात आली किंवा ते औषधी द्रावणात बुडवण्यात आले.

कपडा न जाळताही शुद्ध करता येतो, हे १८८१ मध्ये सिद्ध झाले होते. मात्र त्यासाठी यंत्रे, इंधन आणि प्रत्येक वस्तू मालकाला परत करण्याची व्यवस्था लागते. जाळणे त्याहून सोपे आणि झटपट. त्याचा भार गरिबावर पडला. ज्याची गोधडी जळाली त्याला रोगाबरोबर थंडीचीही भीती उरली. परिणामी रोगी लपवले जाऊ लागले, प्रेते गुपचूप पुरली जाऊ लागली आणि दूषित कपडे गाठोड्यात बांधून लोक गावाकडे निघाले. ज्या पिसवांमुळे हा रोग पसरतो, त्यांनाही अशा रीतीने प्रवासाची सोय झाली.

२२ जून १८९७ रोजी पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत रिपन रोडवर जुलाहा, म्हणजे विणकर मुसलमानांच्या वस्तीत, एका आजारी मुलीच्या तपासणीवरून तंटा झाला. पोलिसांनी गोळीबार केला, दंगल शहरात पसरली आणि माणसे मारली गेली. कापड विणून पोट भरणाऱ्या या लोकांना स्वच्छतेचे वावडे होते, असे समजणे चूक ठरेल. त्यांचा आक्षेप परक्या हाताने घरातली मुलगी तपासण्याला आणि तिला ओढून नेण्याला होता. चाफेकरांची गोळी आणि जुलाह्यांचा दगड यांच्या प्रेरणा वेगवेगळ्या होत्या. परंतु सरकारने लोकांचा विश्वास गमावला होता, हे दोन्ही घटनांतून समोर येते.

यानंतर सरकारी धोरण मवाळ झाले. सक्तीच्या झडत्या कमी झाल्या आणि निरनिराळ्या जमातींनी स्वतः चालवलेल्या रुग्णालयांवर भर वाढला. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली रोगी नेला जातो म्हटल्यावर लोक पुढे येऊ लागले. १८९८ मध्येच कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने प्लेग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो हे दाखवले. पुढे परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने त्याला पुष्टी मिळाली. भिंती-जमिनींवर ओतलेल्या कार्बोलिकचा बराचसा भाग वाया गेला होता, हे तेव्हा कळून चुकले. कपड्यांना ऊन आणि वाफ देण्याचा उपाय मात्र पिसवांच्या दृष्टीनेही योग्यच होता.

उवा, टायफस आणि लाकडी पिंप

कपडा हाच रोगाचा मुख्य वाहक असल्याचे सर्वांत ठळक उदाहरण टायफस या तापाचे आहे. ट्युनिस शहरातील मुसलमान गरिबांच्या सादिकी रुग्णालयात शार्ल निकोल यांना एक गोष्ट खटकली. टायफसचा रोगी रुग्णालयाच्या दारापर्यंत इतरांना संसर्ग देतो, वॉर्डात गेल्यावर देत नाही. दारात काय होते? तेथे त्याचे कपडे काढून घेतात, त्याला आंघोळ घालतात आणि रुग्णालयाचे कपडे देतात. ते उतरवलेले कपडे गोळा करणारे आणि धुणारे कर्मचारी मात्र आजारी पडतात. यावरून त्यांनी कपड्यांतल्या उवेचा संशय धरला आणि १९०९ मध्ये माकडांवरील प्रयोगांनी तो सिद्ध केला. १९२८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाचा पहिला पुरावा धुणाऱ्यांच्या आजारपणात होता, हे विसरता येत नाही.

अंगावरची ऊ कपड्यांच्या शिवणीत राहते आणि तेथेच अंडी घालते. म्हणून औषध माणसाला देण्याआधी कपड्याला द्यावे लागते. १९१५ मध्ये सर्बियात टायफसची भयंकर साथ आली. त्या साथीत दीड लाखांच्या आसपास माणसे दगावली, असे मानले जाते. तेथे गेलेल्या विल्यम हंटर यांच्या ब्रिटिश वैद्यकीय पथकाजवळ मोठी वाफयंत्रे पुरेशी नव्हती. पथकातील स्टॅमर्स यांनी दारूची रिकामी लाकडी पिंपे वापरली. पिंपाच्या बुडाला भोके पाडली, ते उकळत्या पाण्याच्या लोखंडी भांड्यावर बसवले, आत कपडे सैल ठेवले आणि वर झाकण घातले. आपल्याकडे मोदकपात्रात जे घडते तेच येथे मोठ्या प्रमाणात घडत होते. हे साधन गावोगाव उभे करता येत होते आणि चालवायला शिकलेला माणूस लागत नव्हता. 'सर्बियन पिंप' या नावाने ते सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकांत गेले. वाफेचे शास्त्र प्रयोगशाळेतून निघून पुन्हा गावच्या चुलीवर आले. परटाच्या भट्टीचा आणि या पिंपाचा गाभा एकच होता.

घरगुती वापर : मर्यादा आणि शक्यता

आजच्या घरात वाफेची साधने अनेक आहेत. इस्त्री हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'ताणणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आल्याचे मानले जाते. कोळशाच्या इस्त्रीपासून वाफेच्या इस्त्रीपर्यंत तिचे रूप बदलले. सुती कापडासाठी तापवलेल्या इस्त्रीचा तळ २०० अंशांच्या आसपास जातो. ओलसर कापडावर ती फिरली की कापडातच वाफ तयार होते. जुन्या सुईणी बाळाची दुपटी इस्त्री करून देत, त्यामागे हाच अनुभव होता. मात्र इस्त्री झरझर फिरवली तर उष्णता खोल जात नाही. शिवणीवर ती थांबवावी लागते.

येथे 'निर्जंतुकीकरण' या मराठी शब्दाबद्दल सावध राहावे लागते. रोगकारक जंतूंची संख्या धोक्याच्या पातळीखाली आणणे आणि बीजाणूंसकट सर्व जंतू मारणे, या दोन भिन्न क्रियांना आपण एकच शब्द वापरतो. उकळत्या पाण्याने किंवा साध्या वाफेने घरी पहिली क्रिया उत्तम साधते. धनुर्वातासारख्या रोगाचे बीजाणू त्यात निश्चितपणे मरतीलच असे नाही. त्यासाठी रुग्णालयात दाबाखालील वाफ वापरतात. तेथे १२१ अंश तापमान साधारण १५ मिनिटे ठेवले जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या बेळगावात पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या सुमारास उकळते. घरगुती कामात या फरकाने काही बिघडत नाही.

खरजेचे किडे आणि त्यांची अंडी ५० अंश तापमानात दहा मिनिटांत मरतात. वसतिगृहांतून खरूज पसरते तेव्हा एखाद्या मुलाला घाणेरडा ठरवून वेगळे काढले जाते. वस्तुतः सर्वांवर एकाच वेळी औषधोपचार आणि त्याच दिवशी सर्वांच्या चादरी-कपड्यांना गरम पाणी किंवा वाफ, हा त्यावरचा उपाय आहे. एकट्याला दोष दिल्याने रोग लपवला जातो. १८९७ च्या पुण्यात हेच झाले होते.

२०२० मधील करोनाच्या साथीत लोकांनी बाजारातून आल्यावर कपडे वाफवण्याचा सपाटा लावला होता. तो रोग मुख्यतः श्वासातून, हवेतून पसरतो, कपड्यांचा त्यातला वाटा अगदी अल्प, हे पुढे स्पष्ट झाले. रुग्णाचे कपडे ६० ते ९० अंशांच्या पाण्यात साबणाने धुवावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची सूचना तेवढी उपयुक्त होती. म्हणजे उपाय योग्य असला तरी तो कोणत्या रोगाला लागू पडतो, हे आधी ठरवावे लागते.

समारोप

या आढाव्यातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली शास्त्राची आहे. ओली उष्णता कोरड्या उष्णतेपेक्षा प्रभावी असते, कपडे सैल ठेवावे लागतात आणि प्रत्येक कापडाचा स्वभाव पाहावा लागतो. दुसरी गोष्ट इतिहासाची आहे. किटी विल्किन्सनच्या घरात, परटाच्या भट्टीत आणि सर्बियातल्या पिंपात कपडा शुद्ध होऊन मालकाकडे परत जात होता. पुण्यात त्याची राख झाली. लोकांनी विरोध केला तो या राखेला आणि त्यामागच्या उद्दामपणाला. त्यांच्या विरोधाला 'अडाणीपणा' म्हणून निकालात काढणारी पाठ्यपुस्तकी मांडणी अपुरी आहे.

महाविद्यालयातील शिक्षकांना हा विषय एका सोप्या प्रयोगाने शिकवता येईल. जुन्या चादरीचे दोन सारखे गाठोडे करावेत आणि प्रत्येकाच्या मध्यभागी १०० अंशांपुढे मोजणारा प्रयोगशाळेतील तापमापक ठेवावा. एक १०० अंशांच्या गरम हवेच्या कपाटात ठेवावे, दुसरे भोके पाडलेल्या डब्यात घालून उकळत्या पाण्यावर. अर्ध्या तासाने दोन्ही आकडे विद्यार्थ्यांना वाचायला लावावेत. पदार्थविज्ञानाच्या तासाला अप्रकट उष्णता समजेल. त्याच आठवड्यात इतिहासाच्या शिक्षकांनी रिपन रोडचा प्रसंग घ्यावा आणि वर्गाला विचारावे की त्या दिवशी तेथे सैनिक-पोलिसांऐवजी वस्तीतलीच चार माणसे आणि वाफेचे एक पिंप असते, तर काय झाले असते?